सत्तेचाळिसाव्या सत्कारमूर्ती

पोटापाण्यासाठी मी शाळेत मराठी शिकवतो, पण अंबडच्या आसपास मला ओळखतात ते माइकवाले शिरसाठ सर म्हणून. वाढदिवस, उद्घाटन, सेवानिवृत्ती, शोकसभा, काहीही असू द्या, माइक माझ्याकडे येतो. आमदारांच्या वार्षिक गुणगौरव सोहळ्याचा माइक तर गेली अकरा वर्षं माझ्याच हातात आहे. ज्यांचं मी तोंडही पाहिलेलं नाही अशा शेकडो लोकांना मी आजवर 'समाजाचे भूषण' म्हटलंय. त्याचं मला काही वाटत नाही. वाटायचं बंद झालं, असं म्हणू या.

यंदाच्या यादीत एक नाव मात्र मी स्वतः घातलं होतं. भिमाबाई गांगुर्डे.

भिमाबाई आमच्या शाळेच्या फाटकाशी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसायच्या. शाळेसमोरचा रस्ता म्हणजे कंपन्यांकडे जाणाऱ्या टेम्पो-ट्रकांचा. नऊ वर्षांपूर्वी तिसरीतली तृप्ती शाळा सुटल्यावर पलीकडे पळाली आणि टेम्पोखाली आली. जीव वाचला. पाय अजून ओढत चालते. दुसऱ्या दिवशी भिमाबाईंनी टोपली बाजूला ठेवली, काठीला लाल ब्लाउजपीस बांधलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. शाळा भरताना एकदा, सुटताना एकदा. तेव्हापासून एक दिवस खाडा नाही. आणि आम्ही शिक्षक? आमची ड्युटी फाटकाच्या आत संपते. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता मला तो सरकारी नियमच वाटतो.

या नऊ वर्षांत भिमाबाईंचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, त्यानंतर तीन महिने सक्त विश्रांती. दोनदा तारीख मिळाली, दोन्ही वेळा त्या गेल्या नाहीत.

"मी गेले तर पोरांना कोण पार करील, सर?" त्या विचारायच्या.

असं विचारलं की मी घड्याळाकडे बघायचो.

अगदीच काही केलं नाही असं मात्र नाही. स्पीडब्रेकरसाठी मी चौदा अर्ज लिहिले. भाषा अशी की दगडाला पाझर फुटावा. दर वेळी उत्तर एकच यायचं, 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे.' मुलं दहावी पास होऊन कंपनीत लागली, अर्ज आपला अजून वर्ग होतोच आहे.

शेवटी आमदारांचा पीए सनी यानं मला व्यवहार समजावून सांगितला. "सर, नुसत्या अर्जानं काय होतंय? साहेबांची शिफारस पाहिजे. खाली सही, वर 'तातडीने' असा शेरा. पण आचारसंहिता लागायच्या आत. एकदा लागली की साहेबांना पेनाचं टोपण उघडायची पण चोरी."

मग मी बेत आखला. पंधरावा अर्ज छान टाइप करून घेतला. खाली साहेबांचं नाव, वर सहीपुरती जागा. भिमाबाईंना सत्कारमूर्ती केलं आणि पढवून ठेवलं, "शाल अंगावर पडली की हा कागद पुढे करायचा. म्हणायचं, साहेब, एवढी सही द्या. कॅमेरे असतात, साहेबांना नाही म्हणता येणार नाही."

"अन् सही झाली की बिरेकर होतो?"

"होतो."

"मग मी आपरेशनला जाते," त्या म्हणाल्या. "पुढची तारीख धरा."

सोहळा एका लॉन्सवर होता. सत्कारमूर्ती चौसष्ट. निफाडचे द्राक्षबागायतदार, मनमाडचे निवृत्त रेल्वे ड्रायव्हर, कबड्डीपटू, सर्पमित्र, आदर्श माता तीन आणि आदर्श सून एक. कार्यक्रम अकराचा होता. साहेब आले सव्वातीनला. आणि दिल्लीत साडेतीनला निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद होती. तारखा जाहीर झाल्या की आचारसंहिता लागली. मग ना सत्कार, ना बॅनर, ना साहेब.

सनी दोन्ही मोबाइल हातात घेऊन माझ्या कानाशी लागला. "सर, पाहुण्यांचा परिचय कट. दीपप्रज्वलन कट. एकेकाला अकरा सेकंद."

"अहो, मानपत्रं लिहिलीत मी!"

"मानपत्रांचे कागद अजून प्रेसमधनं आलेच नाहीत. फक्त नाव घ्या अन् पुढं ढकला."

रात्ररात्र जागून शोधलेली विशेषणं मी गिळली आणि नावं घ्यायला लागलो. एका बाजूनं माणूस चढायचा, शाल, नारळ, फोटो, दुसऱ्या बाजूनं उतरायचा. पंचविसाव्या नावाला शाली संपल्या, कारण निम्म्या शाली ज्या टेम्पोत होत्या तो शहरातल्या द्वारका चौकात अडकला होता. सनी डगमगला नाही. त्यानं स्टेजच्या उतरत्या बाजूला दोन कार्यकर्ते उभे केले. ते सत्कारमूर्तीच्या खांद्यावरून अलगद शाल उतरवून घ्यायचे, झटकायचे आणि चढत्या बाजूला पाठवायचे. सर्पमित्राची शाल आदर्श मातेला, आदर्श मातेची हृदयरोगतज्ज्ञांना. नारळ मात्र प्रत्येकाला स्वतंत्र होता. द्राक्षबागायतदार शाल सोडायला तयार नव्हते, त्यावरून थोडी ओढाताण झाली.

भिमाबाई सत्तेचाळिसाव्या. तीन वाजून सव्वीस मिनिटांनी मी त्यांचं नाव घेतलं. पायऱ्या चढताना त्यांनी रेलिंग घट्ट धरलं होतं आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या वर येत होत्या. अकरा सेकंद तर तिथंच संपले. मी नियम मोडला. माइकवर म्हणालो, "नऊ वर्षं रस्त्यावर उभं राहून आपल्या लेकरांना सुखरूप पार करणाऱ्या भिमाबाई!"

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या कानाला लगेच कळतात. साहेबांनाही कळल्या. त्यांनी माइक माझ्या हातून घेतला.

"अशा माउल्या उभ्या आहेत म्हणूनच," ते गहिवरून म्हणाले, "आपल्याला त्या रस्त्याची काळजी करावी लागत नाही."

पुन्हा टाळ्या. शाल पडली. भिमाबाईंनी पदराखालून कागद काढला आणि पुढे केला. "साहेब, एवढी..."

साहेबांनी कागद बघितला. म्हणजे बघितलाही नाही. त्या दिवशी स्टेजवर दिसलेला तो पहिलाच कागद होता. मानपत्र आलं असं समजून त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, भिमाबाईंच्या शेजारी आले, त्यांची बोटं कागदाच्या एका टोकावर ठेवली, स्वतः दुसरं टोक धरलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. फ्लॅश पडले. मग त्यांनी भिमाबाईंचा अर्ज भिमाबाईंना सन्मानपूर्वक प्रदान केला आणि वाकून नमस्कार केला.

"सही..." भिमाबाई म्हणाल्या.

"लागली!" खालून सनी ओरडला.

साहेब स्टेजवरून असे उतरले की त्यांचा एक बूट पायरीवरच राहिला. ज्या पोरांनी सकाळी बॅनर चढवले होते तीच आता ते फाडून खाली ओढत होती. उरलेल्या सतरा भूषणांना मी माइकवरून सांगितलं की आपला सत्कार घरपोच होईल. कार्यकर्त्यांनी भिमाबाईंची शाल उतरवून घेतली. त्या एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात आपलाच अर्ज घेऊन माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"झालं का, सर?"

मी म्हणालो, "होईल."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली ओळ होती, 'भिमाबाई गांगुर्डे यांना मानपत्र प्रदान करताना आमदार.' भिंग घेतलं असतं तर अर्जाचा विषयही वाचता आला असता.

तिसऱ्या दिवशी मी शाळेत आलो तर रस्त्यावर चमत्कार! पोलिसांचे पिवळे बॅरिकेड, दोन अलीकडे, दोन पलीकडे, मध्ये वाकडी वाट. तंबू, चार पोलीस आणि एक व्हिडिओ कॅमेरावाला. निवडणुकीचं तपासणी पथक होतं. गाड्यांमधून काय काय नेलं जातंय ते बघायला त्यांनी नेमकं आमच्या फाटकासमोर ठाण मांडलं होतं. जे ट्रक भिमाबाईंच्या अंगाला वारा लावून जायचे, ते आता बैलगाडीच्या चालीनं येत होते. मुलं गप्पा मारत रस्ता ओलांडत होती.

भिमाबाई कडेला उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"सर, ऐकलं हो साहेबांनी! सही नाय केली, पण माणसंच धाडली!"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. हे निवडणुकीपुरतं आहे, मतमोजणी झाली की जाईल, एवढी दोनच वाक्यं होती. पण मला त्यांचे सुजलेले गुडघे दिसत होते आणि आणखी एक सांगतो, यादीत नाव मी घातलं होतं, बेत माझा होता, तो यशस्वी झाल्याचं ऐकायला बरं वाटत होतं. अकरा वर्षांच्या सवयीचं तोंड ते. त्यातून निघालं, "हो ना. साहेबांचं लक्ष असतं."

"मग मी जाऊ आता?"

"जा. निश्चिंत जा."

दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं, दोन्ही गुडघ्यांचं एकदम. मतदानाच्या दिवशी त्या सून छाया हिच्या खांद्यावर हात टाकून रिक्षातून केंद्रावर आल्या. त्याआधी पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी अख्ख्या वस्तीला सांगितलं होतं, साहेबांनी आपल्या पोरांचं ऐकलं, आता आपण त्यांचं ऐकायचं. साहेब चांगल्या मतांनी निवडून आले. आमच्या केंद्रावरची आघाडी तर सर्वांत मोठी होती.

निकालाच्या संध्याकाळी गुलाल उधळत मिरवणूक शाळेवरून गेली. मिरवणुकीला जागा व्हावी म्हणून बॅरिकेड आधीच टेम्पोत भरले होते.

सोमवारी शाळा सुटली. मुलं फाटकाबाहेर जाऊन थांबली. सुट्टी संपल्यापासूनचा एक आठवडा त्यांनी रमतगमत रस्ता ओलांडला होता, त्यामुळे ती आता गोंधळली होती. पुढे ना भिमाबाई, ना पोलीस, आणि ट्रक पूर्वीसारखे. पाचवीतल्या एका मुलीनं मागे वळून फाटकाच्या आत उभ्या असलेल्या मला बघितलं. नुसतंच बघितलं.

मी बाहेर पडलो. रस्त्यावर गेलो आणि हात वर केला. पहिला टेम्पो हॉर्न देत बाजूनं निघून गेला, दुसऱ्यानं शिवी दिली. हजार हजार माणसांना टाळ्या वाजवायला लावणारा माझा हात, त्याला एक टेम्पो थांबेना. मला भीती वाटली, साधी जिवाची भीती. नऊ वर्षं ही बाई रोज दोनदा इथं येऊन हे करत होती आणि मी तिच्यासाठी अर्जांमध्ये 'अतुलनीय' हा शब्द वापरत होतो. लाज वाटली, आणि लाज वाटायलाही फार वेळ नव्हता, कारण मागे दोनशे मुलं उभी होती.

चार दिवस असेच काढले. पाचव्या दिवशी संध्याकाळी भिमाबाईंना बघायला गेलो. घरात त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. छायानं चहा ठेवला.

"पोलीस हायेत ना, सर?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"आहेत की. चार जण आहेत."

"अन् ते पिवळे कठडे?"

"तेही आहेत. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

"लय बरं झालं." त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघत राहिल्या. माझी पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरी झाली होती. "घसा बसलाय तुमचा."

"कार्यक्रम होता एक."

चहा संपवून मी उठलो तेव्हा म्हणाल्या, "सर, फाटकासमोर नका उभे राहत जाऊ. चार पावलं पुढं, विजेच्या खांबापाशी. वळणावरनं येणाऱ्याला तिथं माणूस दिसतो. अन् हात बघून कोणी थांबत नाय. ड्रायवरच्या डोळ्यात बघायचं."

मला त्यांच्याकडे बघवेना. चपला शोधण्याच्या निमित्तानं मी बराच वेळ खाली बघत राहिलो.

"कधी कळलं तुम्हाला?"

"मिरवणूक इथनंच गेली, सर. मागं टेम्पोत कठडे दिसले मला."

माझ्या तोंडून एकही अलंकारिक शब्द निघाला नाही. मी म्हणालो, "भिमाबाई, डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत. पूर्ण घ्या. तोवर मी आहे रस्त्यावर. शब्द देतो."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग आत वळून म्हणाल्या, "छाया, तो वॉकर कोपऱ्यात नको ठिवू. सकाळी माझ्या हाताशी पाहिजे."