समुद्राकडे तोंड असलेली खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. निलंग्याच्या पुढे एका खेड्यातल्या दवाखान्यात, पश्चिमेच्या भिंतीत, दगडमातीखाली मी बुजलेली आहे. बुजल्याचं दुःख नाही. मला तिथं आणून बसवलं, राग त्याचा आहे.

माझा जन्म कोकणातला. समुद्राकाठच्या एका विश्रामगृहासाठी दाजी मेस्त्रींनी मला फणसाच्या लाकडातून घडवलं. पुरुषभर उंची, तिरक्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या मुद्दाम पक्क्या ठोकलेल्या, कधीच मिटू नयेत अशा. समुद्राकाठी हवा दमट, अंगावरचा घाम सुकत नाही. तिथं वाऱ्याला अडवायचं नसतं, एवढं त्या माणसाला कळत होतं. माझ्यासमोर दुसरी तशीच खिडकी होती. दुपार कलली की वारा माझ्यातून आत यायचा, माणसांच्या पाठी पुसायचा आणि तिच्यातून निघून जायचा. पाहुणे म्हणायचे, इथं पंखासुद्धा नको. माझी छाती फुगायची.

मग कुणी तरी तिथं गार हवेचं यंत्र बसवलं. यंत्राला उघडी खिडकी खपत नाही. मला उपटून गोदामात टाकलं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा नवा झाला. नव्या जिल्ह्याला इमारती हव्या होत्या, त्याही लगेच. कुणी तरी कपाटातून एक तयार नकाशा ओढला. तो त्याच विश्रामगृहाचा होता. ‘पाहुण्यांची खोली’ खोडून ‘बाळंतिणींची खोली’ लिहिलं, आणि नकाशाबरोबर मलाही ट्रकमध्ये भरलं. माझं तोंड पश्चिमेला ठेवलं, कारण नकाशात तिकडे समुद्र होता.

इथं कुठला समुद्र? इथं पश्चिमेला एक देऊळ आणि त्यापुढे उजाड रान होतं, आणि दोन वर्षं पावसाचा पत्ता नव्हता. वैशाखातला वारा म्हणजे भट्टीचं तोंड. या मुलखातली माणसं दुपारी दारं लावून, जाड मातीच्या भिंतींच्या आड बसतात. आणि माझ्या पट्ट्या मिटतच नव्हत्या! ती सगळी आग मी बाळंतिणींच्या अंगावर ओतत होते.

नागुबाईचं बाळ दोन दुपारी टिकलं. तिसरी त्यानं पाहिली नाही. कागदावर ‘अशक्तपणा’ असं लिहिलं गेलं. खिडकीचं नाव कुणीच लिहिलं नाही.

दवाखान्यात गुरम्मा नावाची आया होती. कपाळाला विभूती, जिभेला धार, हात मात्र लोण्याचे. तिनं माझ्यावर ओलं पोतं टांगून पाहिलं. पण टँकरचं पाणी येणार तीन दिवसांनी, आणि पोतं वाळणार घटकेत. बाळंतिणीला पाजायचं की पोत्याला?

अशात रुद्राणी नावाची पोर बाळंत झाली. मूल नाजूक होतं. दुसऱ्याच दुपारी त्याचं अंग तापलं आणि ओठ सुकले. गुरम्मानं इमारतीवर देखरेख करणाऱ्या शेषेरावांना गाठलं.

“साहेब, ही खिडकी दगडमातीनं बुजवून टाकते.”

“नकाशात खिडकी हाय म्हणल्यावर खिडकी राहणार. मोठे साहेब बघायला यायलेत. माझी नोकरी घालवतीस का?”

“नागुबाईचं लेकरू गेलं, ते कुठल्या नकाशात हाय?”

शेषेरावांनी मान वळवली आणि सायकलवर टांग टाकली.

त्या संध्याकाळी समोर महादेवाच्या देवळात ज्ञानोबाबुवांचं कीर्तन होतं. मित्रांनो, वाऱ्याच्या बाबतीत मी नालायक ठरले असेन, पण टाळांचा एकही ठोका मी वाया जाऊ दिला नाही. बुवांचा आवाज माझ्या पट्ट्यांतून यायचा, तेव्हा कण्हणाऱ्या बायकाही शांत व्हायच्या. त्या दिवशी मात्र कीर्तन मधेच थांबलं. गुरम्मा उभी राहिली होती.

“बुवा, पाप लागलं तर मला लागू द्या. पिंडीवर थेंब थेंब गळतीय ती घागर मला पाहिजे. आजची अन् उद्याची. रुद्राणीचं लेकरू तापलंय, खिडकी बुजवायला माती कालवायचीय.”

किराणावाले धोंडप्पा उसळले. “डोकं फिरलं का तुझं? देव कोरडा ठिवल्यावर पाऊस कसा पडंल?”

“दोन वर्सं वलाच ठिवला की, अप्पा. पडला का?”

आधी बायका हसल्या, मग बुवा. त्यांनी वीणा खांद्यावरून उतरवली. “धोंडप्पा, ज्याच्या डोक्यावर गंगा बसलीय त्याला आपल्या घागरीची काय पडलीय? आज महादेव तिकडं खाटेवर झोपलाय. दोन दिवसांचा हाय. ओठ सुकलेत त्याचे. चला, आता भजन हातानं करू.”

आणि मृदंग खाली ठेवून माणसं दगड उचलायला आली. धोंडप्पा तणतणत आले, पण घागर त्यांनीच खांद्यावर घेतली. दगडावर दगड चढला, फटींत चिखल गेला. माझ्यासमोरचा उजेड कमी कमी होत गेला, आणि जन्मात पहिल्यांदा मी मिटले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शेषेराव आले. बाहेरूनच ओरडत आले. आत पाऊल टाकलं आणि आवाज खाली आला. खोलीत अंधार होता, गारवा होता. रुद्राणीचं मूल अंगावर पीत होतं, लुचुलुचु आवाज करत.

“पाणी कुणाचं वापरलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“महादेवाचं,” गुरम्मा म्हणाली. “आता पाडायची तर पाडा.”

शेषेरावांनी ओल्या मातीवर हात टेकला आणि तोच हात कपाळाला लावला. “पाऊस आल्यावर गिलावा करून घ्या,” ते म्हणाले. “साहेबांना काय सांगायचं ते मी सांगतो.”

मूल जगलं. माझा राग मात्र तसाच आहे, कारण नागुबाई अजून या भिंतीजवळून जाताना पदर डोळ्यांना लावते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, नकाशे काढाल, घरं बांधाल. कागदाला हात लावण्याआधी त्या गावच्या आयाबायांच्या दारात जा आणि विचारा: बाई, दुपारी तुम्ही कुठलं दार लावून घेता? तिथं खिडकी ठेवू नका.