म्हापशाच्या बाजारातला पंप

मी पंप बोलतोय. खरं तर मी पंप नाहीच. पाठीवरच्या टाकीत कोंडलेली हवा पाणबुड्याला घोटाघोटाने देणारं मी एक पितळी यंत्र; दोन बाजूंना दोन रबरी नळ्या आणि मधे दातांत धरायचा तुकडा. पण मालवणात एकाने पंप म्हटलं की सगळं गाव पंप म्हणतं. ज्यांना माझं नाव धड घेता येत नाही त्यांच्याच तोंडात राहायचं माझ्या नशिबी आलं.

माझा जन्म चौपन्न साली फ्रान्समधल्या एका कारखान्यात झाला. पहिला धनी मुरगाव बंदरात जहाजांचे तळ तपासणारा पोर्तुगीज. माणूस तुसडा, पण कामात चोख. रोज संध्याकाळी मला गोड्या पाण्यात बुचकळायचा आणि सावलीत टांगायचा. एकसष्टच्या डिसेंबरात तो गाशा गुंडाळून निघून गेला आणि मी एका गोदामात पडलो. जवळजवळ दोन वर्षं कोणी हात लावला नाही. नळ्यांचं रबर कडक झालं, बारीक चिरा पडल्या. मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, गंजके कंदील आणि मोडकी शिवणयंत्रं यांच्या पंगतीला, टाकीसकट मला विकायला मांडलं.

तिथे मला गुरुदास भेटला. मालवणचा मासेमार, वय तिशीचं, छाती पुढे काढून चालणारा. त्याच्या होडीचा लोखंडी नांगर किल्ल्यापलीकडच्या खडपात, पाण्याखालच्या खडकांत, अडकला होता आणि दोर तुटला होता. पाणी नऊ वाव, म्हणजे पन्नासेक फूट, खोल. ऐन हंगामात होडी वाळूवर बसून होती. गावातला जुना बुडी मारणारा आंतोन, पण त्याची साठी उलटलेली. पाच वावांखाली त्याला जमेना. म्हणून गुरुदासला यंत्र हवं होतं.

त्याने मला कसं पारखलं ते ऐका. टाकीवर टिचक्या मारल्या, नारळ वाजवून बघतात तशा. मला तोंडात धरून दोन श्वास घेतले. हवा आली! भोवतालच्या चार रिकामटेकड्यांनी वाहवा केली. नळी वाकवून बघितली नाही, आत काय गंजलंय ते विचारलं नाही. पाण्यात मला वापरायचं कसं, हे तर विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पितळ चकाकत होतं, तेवढ्यावर सौदा झाला.

मालवणात आल्यावर आंतोनने मात्र मला हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

“हेचो आदलो धनी खंय आसा?”

“पोर्तुगालाक गेलो.”

“जिवंत गेलो मां?”

गुरुदास हसला. शहाण्या प्रश्नाला हसून उडवायचं, ही माणसांची जुनी खोड.

पुढे तर त्याने कहर केला. होडीच्या लाकडाला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडतात, तसं ते माझ्या नळ्यांना चोपडू लागला. रोज, मायेने. त्याची बायको आनंदी नाक दाबून म्हणाली, “अवो, रबराक तेल कित्याक?”

“तेलान होडी टिकता, मगे हो टिकाचो नाय?”

होडीचं लाकूड तेलाने टिकतं, हे खरं. रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं आणि कुजतं. माझ्या अंगाला येणाऱ्या त्या वासाची मला आजही किळस येते.

शिकवायला आंतोन होताच. आयुष्यभर नुसत्या छातीवर बुड्या मारलेला माणूस. त्याने एकच मंत्र दिला, “खाली कायव होवंदे, दम सोडू नको. दम सोडलंस काय मेलंस!”

नुसत्या छातीवर बुडी मारणाऱ्याला हे बरोबर आहे. पण मी देतो ती हवा दाबलेली. माणूस वर येऊ लागला की ती छातीत फुगत जाते. ती सोडत सोडत यावं लागतं. दम धरला तर फुफ्फुसं फाटतात. माझ्या तुसड्या पोर्तुगीजाला हे पक्कं माहीत होतं. इथे शिकवणाराही अडाणी आणि शिकणाराही, आणि दोघांचा आत्मविश्वास बघत राहावा असा.

मग एका सकाळी नारळ ठेवून, सगळे ज्यांना भाई म्हणतात त्या गुरुदासच्या काकांनी गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, हो नवो पंप घेवन तुझो लेकरू खाली उतारता, तेची राखण कर रे म्हाराजा!” सगळे ओरडले, “व्हय म्हाराजा!” मी नवा? देवासमोरही खोटं! राखणीचं सगळं देवावर टाकून ही मंडळी मोकळी झाली. श्वास कसा घ्यायचा आणि कसा सोडायचा, ते कोणी विचारलंच नाही.

आम्ही उतरलो. तळाशी नांगर दिसला. गुरुदासने त्याला दोर बांधायला हात पुढे केला आणि माझी नळी फाटली. खारं पाणी त्याच्या तोंडात शिरलं. त्याने मला थुंकून टाकलं आणि वर निघाला. आता हा आंतोनचा मंत्र पाळणार आणि मरणार, असं मी धरून चाललो.

पण मंत्र आठवायला तो शुद्धीवर होता कुठे? तो इतका घाबरला, इतका घाबरला की पाण्यातच बोंबलत सुटला. “आनंदी! आनंदी!” नऊ वाव तो बायकोच्या नावाने बोंबलत वर आला. तोंडातून बुडबुड्यांचा लोंढा निघत होता, छाती रिकामी होत होती. त्या बोंबलण्यानेच तो वाचला.

त्याला होडीत ओढून घेतलं. भाईंनी विचारलं, “काय झाला रे?”

गुरुदासने सगळ्यांकडे बघितलं. मग छाती पुढे काढली. “नळी फुटली. पण मी दम धरून वर इलंय!”

झालं. बाजारात, धक्क्यावर, चहाच्या दुकानात तेच सुरू झालं. गुरुदास नऊ वाव दम धरून आला. ऐकून ऐकून माझं पितळ विटलं.

नांगर अजून तिथेच आहे. उद्या सकाळी तो काढायला आनंदीचा भाऊ गंगाराम उतरणार आहे. मुरगावहून टाकी भरून आणली, नळ्याही नव्या बसवल्या. खुंटीवरून मी बघतोय, गुरुदास मेहुण्याला शिकवतोय, “कायव झाला तरी माझ्यासारखो दम धर.”

आनंदीने हातातलं काम थांबवलं. “खरांच तुमी दम धरल्यात?”

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “मगे काय बोंबललंय मी?”

त्याच्याबद्दल मला आता काही वाटत नाही. गंगारामबद्दल वाटतं. पोरगा खरोखरच धीट आहे, सांगितलं ते पाळणारा आहे, आणि मला बोलता येत नाही. बाबा रे, उद्या खाली काही बिनसलं तर धीर धरू नकोस. घाबर. छातीत हवेचा कण असेपर्यंत बोंबल.