पांढऱ्या अक्षरांची बाजू

मी एक जुना, फुटका टायर आहे, मित्रांनो. शेगावात गोविंदा मिस्त्रीच्या दुकानामागे पत्र्याच्या सावलीत पडून असतो. इथे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. पण माझ्यापायी एका भल्या माणसाचा पाय गेला, म्हणून माझी हकिकत तुम्ही ऐकावी असे मला वाटते.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. रबर, पोलादी तारा आणि चिवट दोरे यांचे थर एकावर एक चढवून मला तापलेल्या साच्यात दाबले. बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर बोट बुडेल एवढ्या खोल खाचांची नक्षी होती. डांबर, चिखल, वाळू, दगड, सगळीकडे चालावे म्हणून मला घडवले होते. माझ्या एका अंगाला मोठी पांढरी अक्षरे होती आणि दुसरे अंग नुसते काळे. गाडीला लावताना अक्षरे बाहेर ठेवतात, म्हणजे टायर उठून दिसतो.

संग्रामपूर तालुक्यातले बडे शेतकरी प्रज्वलभाऊ यांनी आम्हा चौघा भावांना आपल्या उंच गाडीला चढवले. डांबरी रस्त्यावर आमचा घूं घूं आवाज यायचा. डिझेलही जास्त लागायचे. पण भाऊंना तो आवाज फार आवडे. "लांबूनच समजलं पाह्यजे, कोन येऊन राह्यलं ते," असे ते म्हणत.

गाडी चालवायचे निवृत्ती. वय पन्नाशीचे, नोकरी अकरा वर्षांची. ते रोज सकाळी आमच्यावरून तळहात फिरवत, खाचांत अडकलेले खडे पेचकसाने काढत, हवा मोजत. ठरलेल्या वेळी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करत, म्हणजे सगळे सारखे झिजावेत. एका पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेला भरला ट्रॅक्टर आम्ही ओढून काढला, तेव्हा सारे गाव वाहवा करत होते. निवृत्ती मात्र वाकून आमचा चिखल पुसत होते.

"टायरले किती कुरवाळतं बे!" भाऊ चारचौघांत हसले. "बायकोले तरी एवढं जपतं का?"

निवृत्ती वयाने बापाएवढे. तेही हसले. दुसरे काय करणार?

मग निवृत्ती चार दिवस सुट्टीवर गेले. त्यांच्या मुलीचा, मयुरीचा साखरपुडा होता. तेवढ्यात भाऊ मित्रांना घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला निघाले. कोरड्या नदीपात्रात त्यांनी गाडी सुसाट सोडली. एक मित्र पुढे उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता. एका धारदार दगडावर मी असा आपटलो की दगड आणि रिम यांच्यामध्ये चेंगरलो. माझ्या आतले दोरे तटातट तुटले. बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. पण घरी येईपर्यंत माझ्या काळ्या अंगावर लिंबाएवढा फुगा आला.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी गोविंदा मिस्त्रीला दाखवले. त्याने फुग्यावर अंगठा दाबला आणि मान हलवली.

"भाऊ, ह्याचे आतले दोरे तुटले. ह्याले आता इलाज नाही. कापून टाकतो, कोनाच्या हाती लागाले नाही पाह्यजे."

"काऊन? नक्षी त नवी हाये," भाऊ म्हणाले.

"नक्षीचं काय घेऊन बसले? भर रस्त्यात फुटंल. मानूस मरंल."

"राहू दे. भाजीपाल्याच्या गाडीले चालते."

गोविंदाने वर पाहिले. भाऊ त्याचे मोठे गिऱ्हाईक होते. भावकीतल्या सगळ्या गाड्या त्याच्याकडेच यायच्या. त्याने मला न कापताच खाली ठेवले. भाऊंनी नवे चार टायर घातले आणि आम्हाला गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले. सुट्टीवरून आलेल्या निवृत्तींना त्यांनी एवढेच सांगितले, "जुन्याचा कंटाळा आला."

महिन्याभराने निवृत्तींनी जुनी पिकअप घेतली. बायको सुभद्राबाई वांगी-टोमॅटो पिकवायच्या. तो माल आपणच शेगावच्या बाजारात न्यायचा, असे दोघांनी ठरवले होते. नोकरी सोडतो म्हणताच भाऊंचे तोंड उतरले.

"माह्या गाडीवर हात साफ केला, अन् आता शेठ झाला काय बे?"

पण अकरा वर्षांच्या माणसाला रिकाम्या हाती कसे पाठवायचे? गाव काय म्हणेल? पिकअपची रिम आमच्याच मापाची होती. भाऊंनी स्वतः गाडी दुसऱ्या गावच्या दुकानात नेऊन आम्हाला चढवून आणले. तिथल्या कारागिराला ते उभ्या उभ्या दोनदा म्हणाले, "अक्षरं बाहीर ठेव." माझा फुगा आत, अंधारात गेला. मग मारुतीच्या पारापाशी नारळ फुटला आणि भाऊंनी सर्वांदेखत किल्ली निवृत्तींच्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुभद्राबाईंनी आम्हाला हळदकुंकू लावले. निवृत्तींचे डोळे भरून आले. "एवढं कोन करते हो कोनासाठी?" ते म्हणाले. मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असते तर मी तिथेच ओरडलो असतो.

निवृत्ती रोज हवा पाहत. पण इतक्या मानाने दिलेल्या वस्तूखाली वाकून खोट शोधावी, हे त्यांच्या मनातही आले नाही. मी अडीच महिने तग धरला. रोज सकाळी तो तळहात अंगावरून फिरे आणि रोज मी आतून थोडा थोडा उसवत जाई.

चैत्रातली दुपार होती. गाडीत टोमॅटोचे कॅरेट भरलेले. पूर्णेचा पूल मागे पडला होता. सुभद्राबाई मयुरीच्या लग्नातल्या साड्यांचे बोलत होत्या. डांबर तापले होते आणि माझ्यातली हवा फुगत होती. मी फुटलो. गाडी डावीकडे ओढली गेली, रस्त्याखाली उतरली आणि उलटली. सुभद्राबाई खरचटून निघाल्या. निवृत्तींचा उजवा पाय पत्र्यात अडकला होता. तो डॉक्टरांना गुडघ्याखाली कापावा लागला.

भाऊ दवाखान्यात आले. सोबत सफरचंदे आणि चार माणसे.

"म्या इतके चांगले टायर देल्ले व्हते," ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. "हवा त पाहाले पाह्यजे व्हती ना बे!"

निवृत्तींनी अंथरुणातून हात जोडले. "चुकलं भाऊ. माह्याच हातून चुकलं."

गाडी ओढून गोविंदाच्या दुकानात आणली. मला पाहताच त्याने ओळखले आणि उचलून मागे टाकले. पुढे निवृत्ती कुबड्या घेऊन काम मागायला आले, तेव्हा त्याने त्यांना हवा भरायला बसवले. निवृत्ती प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगायचे, "हवा पाहात जा बाबा. म्या नाही पाह्यली, त हे असं झालं." ते ऐकले की गोविंदा पाना शोधायच्या निमित्ताने आत जाई.

एकदा सुभद्राबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलेच, "गोविंदाभाऊ, हे असं बोलले की तुमी आत काऊन जाता?"

गोविंदाने हातातला पाना खाली ठेवला. त्याने सगळे सांगितले.

मला वाटले, निवृत्ती आता कुबडी उगारतील. त्यांनी आपला तळहात पुढे धरून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी म्या हवा पाह्यली व्हती. मले आठवत व्हतं. पन सारे म्हनत व्हते, त मले वाटलं आपूनच इसरलो असन." आणि लहान लेकरासारखे रडले.

सुभद्राबाई तडक भाऊंच्या दारात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा पदर घामाने भिजला होता.

"काय म्हने?" निवृत्तींनी विचारले.

"म्हने, फुकट देल्ले व्हते ना."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना दुखणे सांगता येत नाही. आमच्या खाचांतले खडे काढा, हवा पाहा, हे तर कराच. पण आपली जुनी वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना तिच्यात काय मोडले आहे तेही सांगा. आणि ते तुम्हाला ठाऊक असेल, तर गिऱ्हाईक जाईल म्हणून गप्प बसू नका. मला गोविंदाने त्याच दिवशी कापून टाकले असते, तर मी आनंदाने कापला गेलो असतो.