उपासाला चालणारी भांग

रविवारी आईचं पुण्याला परतायचं विमान होतं आणि नितीशने तिला अजून सांगितलं नव्हतं, की आपण इथे न्यूझीलंडमध्येच, लोअर हटला घर घेतलंय आणि पुण्याला परत येणं आता रद्द. तिकडे पुण्यात आईने, म्हणजे सुलभाताईंनी, लेकासाठी खोली रंगवून ठेवली होती. दर फोनला म्हणायच्या, "तुझी खोली तशीच आहे हो." अशा बाईला हे तोंडावर सांगायचं तर धीर हवा. नितीशकडे तो नव्हता, म्हणून त्याने तो कॅनमधून आणला.

भांगेच्या बियांचं फसफसतं पेय. लिंबू-आल्याची चव, आणि डब्यावर ते जगप्रसिद्ध पान, ऐटीत बोटं पसरून.

"यात काही नाहीये," त्याची बायको इरा म्हणाली. ती फार्मासिस्ट होती, त्यामुळे घरात औषधपाण्याबाबत तिचं कोणी ऐकत नसे. "नुसत्या बिया. नशा नसते, म्हणून तर सुपरमार्केटात मिळतं. त्यापेक्षा तुझा चहा कडक."

"पान छापलंय, इरा."

"शाम्पूवर सफरचंद छापतात."

नितीशने तिन्ही कॅन फ्रिजमध्ये ताकामागे लपवले. शुक्रवारी ऑफिसातून ट्रेनने येताना त्याने आईला सांगायचं वाक्य स्टेशनागणिक घोकलं, घरी आल्या आल्या फ्रिज उघडला, तर ताकामागे एकच कॅन. मागे वळला. टेबलाशी आई. पुढ्यात साबुदाण्याची खिचडी, एक रिकामा कॅन आणि एक अर्धा.

"आई! हे काय पितेयस?"

"एकादशी ना आज. चालतं उपासाला, डब्याच्या मागे वाचलं मी. पाणी, लिंबू, आलं आणि बी. बी म्हणजे आपला राजगिराच की."

"अगं, भांग आहे ती!"

आईने कॅन फिरवून पान नीट पाहिलं. "तरीच," ती शांतपणे म्हणाली. "मघापासून मला शेजारणीचा कुत्रा आवडायला लागलाय."

आता उरलेला कॅन वाचवायला हवा होता. नितीशने तो उभ्या उभ्या संपवला. आलं नाकात गेलं, डोळ्यांत पाणी आलं. चढली, त्याने ओळखलं.

"आई, माझे हात लांब झालेत."

"ते तुझ्या बाबांवर गेलेत."

"आणि आम्ही इथे घर घेतलंय. पुण्याला नाही येणार परत."

वाक्य अख्खं बाहेर पडलं. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा त्याचं असं कधी झालं नव्हतं.

आईने खिचडीचा घास संपवला. वर पेयाचा एक घोट घेतला.

"तुझी खोली मी भाड्याने दिलीय," ती म्हणाली. "कौमुदी राहते. स्पर्धा परीक्षेची पोर आहे. संध्याकाळी घर खायला उठायचं रे."

"तशीच आहे म्हणायचीस ना!"

"खोली तशीच आहे. आतलं माणूस बदललंय."

"मग व्हिडिओ कॉलवर मागे ती गुणगुण कसली असायची? मिक्सर म्हणालीस मला!"

"राज्यघटना पाठ करते ती."

"आणि माझ्या कॅरमच्या ढाली?"

"तिची पुस्तकं पडतात सारखी. दोन्हीकडून टेकू लावलाय."

नितीशला रडावं की हसावं कळेना. शेवटी तो खिचडी खाऊ लागला. तेवढ्यात इरा कामावरून आली.

"आम्हाला चढलीय," आई म्हणाली.

इराने कॅन पाहिले. "यात काही नसतं, आई. याला सांगितलं होतं मी."

आईने हातातला चमचा खाली ठेवला.

"म्हणजे आम्ही जे बोललो," आईने चाचरत विचारलं, "ते शुद्धीत?"

"पूर्ण."

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनी मान खाली घातली. त्या घराण्यात शुद्धीत इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं.

"इरा," आई म्हणाली, "तू औषधातली. नीट विचार करून सांग. थोडी तरी चढली असेल ना?"

इराने दोन्ही चेहऱ्यांकडे पाहिलं. मग खिचडीच्या जवळजवळ रिकाम्या कढईकडे पाहिलं.

"उपाशी पोटी घेतलीत ना," ती म्हणाली. "थोडी असेल."

आईचा जीव भांड्यात पडला. अर्ध्या कॅनमधला शेवटचा घोट तिने घाईघाईने घेतला.

"मग उतरायच्या आत सांग नितीश, नव्या घरात माझी खोली कुठली? आणि ती कुणाला भाड्याने द्यायची नाही, सांगून ठेवते."