दुसरी खुर्ची

दुनियेची डोकी भादरणाऱ्या माणसाचं स्वतःचं डोकं कोण भादरतं, असं शाळेत मला पोरं विचारायची आणि उत्तर द्यायच्या आतच खिदळायची. आमच्या घरात त्याचं उत्तर सरळ होतं. आधी आई. आई गेल्यापासून मी.

महिन्यातून एकदा, दुकानाला सुट्टी असेल त्या दुपारी, बाबा स्वतःच्याच खुर्चीत येऊन बसायचे. मी गळ्याभोवती कापड बांधायचे आणि ते आरशातून हुकूम सोडत राहायचे.

"कंगवा आडवा धर."

"आडवाच आहे."

"कानामागे जपून."

"बाबा, गिऱ्हाइकाने गप्प बसायचं असतं. नाहीतर बिनपाण्याने होईल हं."

उजव्या कानामागे त्यांना एक जुना व्रण आहे. लहानपणी पत्र्यावर पडले होते, त्याचा. तिथले केस जरा लांब ठेवले की तो झाकला जातो. बाबांना तो आरशात दिसत नाही, त्यामुळे ते त्याबद्दल कधी काही सांगतही नाहीत. आईने मला शेवटच्या आजारपणात जी चार कामाची वाक्यं सांगितली, त्यातलं हे एक.

दुकानात खुर्च्या दोन होत्या. काळी बाबांची. हिरव्या रेक्झिनची, ती धाकट्यासाठी राखलेली. धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याला शाळेत मी न्यायचे, आणि त्याच्या वाटची बोलणीही मीच खायचे. हिरव्या खुर्चीच्या डाव्या हातावर कुणीतरी सिगारेट टेकवून भोक पाडलं होतं. तिथे मी एक ठिगळ शिवलं होतं, बदामाच्या आकाराचं. धाकटा लहान असताना त्या ठिगळावर नखाने खरडत बसायचा.

एकोणिसाव्या वर्षी तो मला म्हणाला, "ताई, मला हे जमणार नाही. लोकांचे केस बघितले की मळमळतं." त्याला परगावी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्ती शिकायची होती. बाबांना सांगायची त्याची छाती होईना, म्हणून मी सांगितलं. भांडले. "पोराला बांधून ठेवता येतं का?" वगैरे मोठी मोठी वाक्यं टाकली. बाबा आठ दिवस बोलले नाहीत. म्हणजे माझ्याशी. त्याच्याशी बोलत होते.

तो गेला. त्याची बॅग मी भरली. त्या आठवड्यात मी बाबांना विचारलं, "मग आता हिरव्या खुर्चीमागे मी उभी राहू?" गल्लीतल्या बायका कधीच्या म्हणत होत्या, पोरांचे केस तूच काप गं. इस्त्रीवालीचे जुळे तर बाबांचा वस्तरा बघून भोकाड पसरायचे. तेव्हा मला सातवा महिना होता.

बाबांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "आता कुठे उभी राहतेस? मूल चालायला लागू दे. मग बघू."

बाबांना नाही म्हणायचं असलं की ते तिथल्या तिथे नाही म्हणतात. त्यांचं 'बघू' म्हणजे हो. हे मी लहानपणापासून बघत आले होते.

माझी ढबी अकराव्या महिन्यात चालायला लागली. पहिली चार पावलं तिने स्वयंपाकघरात टाकली, पाचव्याला डबा पकडला आणि डब्यासकट खाली बसली. मी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगते, त्या टाळ्यांत थोड्या माझ्यासाठीही होत्या. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन दोन गल्ल्या ओलांडून दुकानात गेले. हिरवी खुर्ची नव्हती. जमिनीत बोल्टांची चार भोकं होती.

"भंगारात दिली," बाबा म्हणाले. "स्प्रिंग गेली होती. उगाच कुणाचं कंबरडं मोडलं असतं."

ढबी त्या भोकांत बोट घालून बघत होती.

मी मागच्या खोलीत जाऊन रडले. मग धाकट्याला फोन लावला, दुसरं कुणाला लावणार? तो किती समजुतीने बोलला! "जाऊ दे गं ताई. जुनी झाली होती ती. आणि तुला काय कमी आहे? ढबीकडे बघ." अर्धा तास बोलला. फोन ठेवताना मला वाटलं, हे पोर मी वाढवलंय, आणि बरं वाढवलंय.

त्याला चार महिने झाले. मी पुन्हा बाबांच्या मागे लागले होते की जुनी का होईना, एक खुर्ची बघा. बाबा 'बघू' म्हणत होते. परवाच्या सुट्टीला, त्यांचे केस कापता कापता, काय ते पक्कं करून घ्यायचं असं मी ठरवून गेले होते.

धाकटा आदल्या संध्याकाळी आला होता. आम्ही मागच्या खोलीत चहा घेत होतो. ढबी आमच्या मधे पालथी झोपली होती, तोंड उघडं, एक मोजा गायब. धाकट्याने कप डाव्या हातात धरला होता.

"उजव्याला काय झालं?"

"काही नाही. टेबलाचं कुसळ गेलंय."

"दाखव."

"राहू दे गं."

"दाखव म्हणते ना."

मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात लाल सुजलं होतं. मी खणातून चिमटा काढला. आमच्या घरात हा चिमटा सुईदोऱ्यासारखा हाताशी असतो. कापलेला केस सुईसारखा टोकदार होतो आणि बोटांच्या बेचक्यात घुसतो. दिवसभर केस कापणाऱ्याला हे दुखणं असायचंच. आई दर आठवड्याला बाबांचा हात मांडीवर घेऊन कुसळं काढायची, मी दिवा धरायचे. त्यामुळे कातडी नुसती ताणली आणि मला कळलं. तरीही काढून बघितलं. अर्ध्या नखाएवढा केस, बुडाशी काळा, टोकाला तांबडा रंगवलेला. मी तो त्याच्या बशीच्या कडेला ठेवला.

"तुमच्या टेबलांना केस येतात का रे? तेही रंगवलेले?"

तो हसला. मग त्याचे कान लाल झाले.

"ताई, हळू. ढबी उठेल."

"तिला मधे आणू नकोस. किती दिवस?"

"वर्ष होईल. तो कोर्स नाही जमला. तिथे एका दुकानात लागलो, आणि... आवडायला लागलं गं. तिकडे मला कुणी यांचा मुलगा, त्यांचा मुलगा करत नाही. माझा हात बघून येतात लोक."

खरंच सांगते, एवढ्यावर मी हसलेच असते. मळमळणारं पोर कात्री धरतंय, यात रागवायचं काय? मी विचारलं ते सहजच होतं.

"मालक बरा आहे का?"

"आता मालक नाही. स्वतःचं आहे. लहानसंच. एक खुर्ची."

आणि तो थांबला. थांबला नसता तर माझ्या ध्यानातही आलं नसतं.

"कुठली खुर्ची?"

तो बोट चोळत बसला.

"हिरवी?"

"बाबांनीच दिली. मी मागितली नव्हती. म्हणजे, मागितली होती, पण देतील असं वाटलं नव्हतं."

"मला भंगारात गेली म्हणून सांगितलं."

"तुला वाईट वाटेल म्हणून. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, तुला सांगायचं नाही."

"वाईट तर वाटलंच की रे. फक्त एकटीला वाटलं." मग मला फोन आठवला. "मी रडत होते त्या दिवशी तू अर्धा तास माझी समजूत घातलीस. कुठे बसून बोलत होतास?"

तो ढबीचा हरवलेला मोजा शोधायला लागला.

"ठिगळावर नख मारत होतास ना?"

"ताई..."

केसाने गळा कापणं असं नुसतं म्हणतात. आमच्या घरात त्याचं सामानही तयार होतं.

पुढून बाबांची हाक आली. "अगं येतेस ना? उजेड आहे तोवर उरकू."

मी गेले. सवय असते हातापायांना. कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला, डावीकडून सुरुवात केली. बाबांनी डोळे मिटले होते. त्यांचं डोकं माझ्या हातात नेहमीसारखं जड झालं. ढबीला झोप आली की तिचं होतं, तसंच. तेवढ्यापुरती मला त्यांची मायाच वाटली, आणि मायेचाच जास्त राग आला.

"बाबा, हिरवी खुर्ची कुठल्या भंगारवाल्याला दिलीत?"

"अं? तो गाडीवाला येतो ना."

"दुकान छान चाललंय म्हणे त्याचं. लोक हात बघून येतात."

बाबांनी डोळे उघडले. आरशात आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे दारात उभ्या असलेल्या धाकट्याकडे.

"सांगितलंस?" हे त्याला.

"तिनेच काढलं," धाकटा म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

"हे बघ," बाबा म्हणाले, "परक्या गावात एकटा पोरगा. त्याला उभं राहायला काहीतरी नको? तुझं काय, तुझं घर आहे, नवरा आहे, पोर आहे. तू कुठे जातेस?"

"कुठे जात नाही म्हणून?"

"तसं नाही गं."

"कसं मग? तो घर सोडून गेला तर खुर्ची त्याच्या मागोमाग गेली. मी दोन गल्ल्यांवर राहिले, तर मला भोकं?"

"मी बघू म्हटलं होतं. देतो असं म्हटलं नव्हतं."

हे ते आरशाकडे बघून म्हणाले. माझी कात्री डाव्या कानावर थांबली होती. डावी बाजू झाली होती, उजवी तशीच जंगल. मी त्यांच्या मानेवरचे केस फुंकरीने उडवले, गिऱ्हाइकाचे उडवतात तसे, आणि कंगवा फळीवर ठेवला.

"राहिलेलं त्याच्याकडून करून घ्या."

"अर्ध्यावर? अगं, वेडी का तू! असा बाहेर कसा जाऊ मी?"

"स्वतःचं दुकान आहे त्याचं. त्याला जमेल."

मागून ढबीला उचललं. ती झोपेतच माझ्या खांद्याला चिकटली. गल्लीत लोक माझ्यासाठी जरा जास्तच बाजूला होत होते. आपली अवस्था इतकी तोंडावर दिसतेय का, असं मनात आलं. पहिल्या वळणावर कळलं, एका खांद्यावर पोर आणि दुसऱ्या मुठीत उघडी कात्री घेऊन मी चालले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा दारात आले. डोक्यावर टोपी. ढबीला टोपी म्हणजे ओढायची वस्तू. त्यांनी कडेवर घेताच तिने ती काढून फेकली.

केस दोन्हीकडून सारखे होते. माझ्यापेक्षा सफाई होती, खोटं कशाला बोलू? उजव्या कानामागे मात्र त्याने थेट कातडीपर्यंत नेले होते. व्रण पांढरा, लांबलचक, चारचौघांत उघडा.

"चांगले कापलेत," मी म्हटलं.

"गेला तो काल. त्याच्याच कात्रीने कापले." बाबांचा हात आपोआप कानामागे गेला. "काल एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे काय लागलंय म्हणून. फार दिसतं का गं?"

नाही म्हणता आलं असतं. बाबांनी माझ्याबाबतीत तेच केलं होतं, वाईट वाटू नये म्हणून.

"दिसतं," मी म्हटलं.

त्यांनी ढबीला खाली ठेवलं. "पुढच्या महिन्यापर्यंत वाढतील." माझ्याकडून काही येतं का याची वाट बघितली. मी ढबीचा मोजा वर ओढत होते. मग ते म्हणाले, "माझी कात्री तुझ्याकडे राहिली बहुतेक. तिच्याशिवाय हात चालत नाही."

"भंगारात दिली," मी म्हटलं. "स्प्रिंग गेली होती."

 बाबांची नजर माझ्या मागे गेली. स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीपाशी ओढलेली होती, तिच्यावर उंचीसाठी दोन पाट. इस्त्रीवालीचे जुळे नुकतेच उठून गेले होते आणि जमिनीवर त्यांचे काळे कुरळे केस पडले होते, दोघांचे एकत्र, अजून झाडायचे राहिलेले. खिडकीच्या कट्ट्यावर ओल्या फडक्यावर कात्री होती.

ती त्यांना दिसली. त्यांना दिसली हे मला दिसलं. त्यांनी वाकून टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि मागून जरा खाली ओढली.

"तिला धार लावायची होती," ते म्हणाले.

"लावली," मी म्हटलं, आणि केरसुणी घेतली.