मी हात हलवतोय, गोळी झाडू नका

मी शत्रू बोलतोय. दचकू नका. उंचीने मी आठ ठिपके आहे आणि रुंदीनेही आठच. परग्रहावरून पृथ्वी जिंकायला आलेला मी एक राक्षस आहे, असे माझ्या लाकडी पेटीवर रंगवलेल्या चित्रात दाखवले आहे. त्या चित्रात मला सतरा दात आहेत, काटेरी शेपूट आहे आणि माझ्या मुठीत एक बेशुद्ध बाई आहे. प्रत्यक्षात मला दात नाहीत, मूठ नाही आणि त्या बाईंना मी ओळखतही नाही.

माझा जन्म वजनकाट्यांच्या कारखान्यात झाला. राक्षसाने तिथे जन्म घ्यावा अशी काही प्रथा नाही. झाले असे, की कारखान्याचे मालक एका प्रदर्शनाला जाऊन आले आणि आल्या आल्या टोपी टेबलावर आपटून म्हणाले, "आपल्या काट्यापुढे कुत्रं फिरकलं नाही, आणि शेजारच्या खोक्यापुढे चाळीस माणसं! टीव्हीसारखं खोकं. एक पांढरा ठिपका इकडून तिकडे जातो, आणि माणसं किंचाळतात! आपण ठिपका करू शकत नाही?"

 स्प्रिंग विभागातल्या एका सडपातळ माणसाकडे सगळ्यांची बोटे वळली. गेली नऊ वर्षे तो स्प्रिंग ताणून त्या परत किती आखडतात याची नोंद करत होता. पण त्याची खरी ख्याती वेगळी होती. कारखान्यात घरचा रेडिओ उघडणारे पुष्कळ होते. उघडलेला रेडिओ परत बंद करता येणारा तो एकटाच. शिवाय तो अवकाशयानांच्या गोष्टी वाचतो, हेही सगळ्यांना माहीत होते, कारण तो त्या डबा खाताना मोठ्याने सांगत असे. त्याला 'खेळ विभाग' म्हणून जिन्याखालची जागा मिळाली आणि 'ठिपकेमास्तर' हे नाव मिळाले.

"पुढच्या शनिवारी प्रदर्शन आहे," मालक म्हणाले. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत यंत्र पास झालं तर विभाग राहील. नाही झालं तर विभाग बंद, आणि तुम्ही परत स्प्रिंगवर."

ठिपकेमास्तरांचा चेहरा तेव्हा ताणून सोडलेल्या स्प्रिंगसारखा झाला, असे म्हणतात. मी पाहिला नाही. मी अजून झालो नव्हतो.

आता माझी घडण सांगतो. यंत्राची स्मरणशक्ती म्हणजे खणांचे कपाट समजा. आजच्या यंत्रांच्या कपाटात म्हणे अख्खी शहरे मावतात. आमचे कपाट इतके लहान, की त्यात आकाश, तोफ, गुण मोजणारा आकडा, मालकांचे पूर्ण नाव आणि आम्ही राक्षस, इतकी मंडळी कोंबायची होती. एका खणात आठ ठिपके मावत. मास्तरांनी चौकटीच्या कागदावर मला काढले: एकदा हात खाली असलेला, एकदा हात वर असलेला. दोन्ही आलटून पालटून दाखवले, की नखे परजणारा भयानक प्राणी दिसेल, अशी त्यांची कल्पना.

घरी तो कागद मास्तरांच्या सासूबाईंच्या हाती पडला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला.

"छान आहे हो. बेडूक?"

"राक्षस आहे तो, आई. परग्रहावरचा."

"अगंबाई! मग जावईबापू, हा हात कुणाला करतोय?"

"हात नाही करत, नखं परजतोय!"

"असेल," सासूबाई म्हणाल्या, "पण चेहऱ्यावरून बस थांबवतोय असं वाटतंय."

मास्तर रुसून बसले. पण मी मात्र त्या दिवशी प्रथमच जरा ताठ झालो. आपल्याला पाहून कोणाला तरी काहीतरी वाटले, याचे समाधान राक्षसालाही असते.

आम्ही एकूण बारा जण. मी बारावा. निरनिराळे राक्षस काढायला जागा नव्हती, म्हणून एकाच चित्राचे बारा भाऊ. हल्ला कसा करायचा, हाही प्रश्न होता. झडप घालायला खण नव्हते, वेढा घालायला तर मुळीच नव्हते. तेव्हा मास्तरांनी आम्हाला रांगेत उभे केले. डावीकडून उजवीकडे, एक पायरी खाली, उजवीकडून डावीकडे, पुन्हा एक पायरी खाली. अशा रीतीने पृथ्वीवर चाल करून येणारी ती कदाचित एकमेव फौज असेल, जी आपला नंबर येण्याची वाट पाहत होती.

मालकांनी येऊन पाहिले. "आकाश काळंच ठेवा," म्हणाले, "भपका नको. माझं नाव मात्र ठळक." नाव वडिलांच्या नावासकट आणि पदव्यांसकट होते. त्याला बत्तीस खण लागले. मला आणि माझ्या हात हलवण्याला मिळूनही बत्तीसच. पृथ्वीवरचे मालक आणि परग्रहावरचे राक्षस असे एका मापाने मोजले गेले, तेवढाच काय तो विज्ञानाचा न्याय.

कपाट भरले. एकच गोष्ट राहिली होती. आमच्यातला कोणी जिवंत जमिनीवर पोचला, तर पुढे काय? मास्तरांनी ती "नंतर बघू" म्हणून ठेवली. कोणी पोचणारच नाही, असे त्यांना वाटत होते.

मग गुरुवारी सकाळी तपासनीस आले.

या गृहस्थांना कारखान्यात 'शून्यसाहेब' म्हणत. तीस वर्षे त्यांनी काटे तपासले होते. कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक यंत्राचे तपासणीपत्रक ते भरत, आणि काटा शून्यावर परत आला नाही तर मालकांचा असला तरी नापास करत. पत्रक एकच होते. काट्यासाठी तेच आणि माझ्यासाठीही तेच.

"रिकामं असताना शून्य दाखवतं?" त्यांनी वाचले आणि पडद्यावरच्या गुणांच्या आकड्याकडे पाहिले. "दाखवतं. पुढे. वीस किलोचं वजन ठेवलं असता आकडा वाढतो का?"

"साहेब, हा खेळ आहे," मास्तर म्हणाले.

"पत्रकात खेळाचा रकाना नाही." असे म्हणून त्यांनी बिडाचे वीस किलोचे वजन दोन्ही हातांनी उचलले आणि ते पडद्यापुढच्या फळीवर, बरोबर गोळीच्या बटणावर ठेवले.

तोफ मध्यभागी उभी होती. ती धडाधड सुटू लागली. माझे भाऊ शिस्तीत एकेक करून तिच्यासमोरून गेले आणि एकेक करून संपले. आकडा वाढत होता. साहेब मान डोलावत लिहीत होते. पण आमच्या तोफेत एका वेळी एकच गोळी असे. ती वर जाऊन विझेपर्यंत दुसरी निघत नसे. अकरावा भाऊ गेला, त्यानंतरची गोळी माझ्या कानावरून वर गेली, आणि ती आभाळ ओलांडेपर्यंत मी तोफेसमोरून सटकलो. शेवटची पायरी उतरलो आणि जमिनीवर पाय ठेवला.

पुढे काय करायचे, ते मला कोणी सांगितलेच नव्हते. मी उभा राहिलो आणि हात हलवू लागलो.

साहेबांनी वजन काढले. वाट पाहिली. आकडा एकशे दहावर ठाम. त्यांनी चष्मा पुसला. मी हात हलवला.

"हा कोण?"

"शत्रू आहे, साहेब."

"मग हात काय करतोय?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. सासूबाई आठवल्या असाव्यात.

"वजन काढल्यावर शून्यावर येतं का? नाही." साहेबांनी लिहिले आणि पत्रक मास्तरांच्या हातात दिले. "नापास. उद्या संध्याकाळी परत येतो."

त्या दुपारी मास्तर कागद घेऊन घरी बसले. शत्रू जमिनीला टेकला की सगळे पुसून शून्यापासून सुरुवात, एवढे लिहिले की काम भागणार होते. त्याला तीसएक खण लागणार. मालकांचे नाव काढणे शक्य नव्हते. पत्रकातच चौथा प्रश्न होता, 'मालकांचे नाव यंत्रावर दिसते का?' उरलो मी. माझ्या जागी नुसता पांढरा चौकोन ठेवला, तर चित्र लागत नाही, हात लागत नाहीत, बत्तीस खण मोकळे.

मास्तरांनी खोडरबर घेतला. मला चौकोनांविषयी आकस नाही. खिडक्या चौकोनी असतात, माणसे त्यांतून बाहेर पाहतात. पण चौकोनाला हात नसतात हो. पृथ्वीवर येऊन मी आयुष्यात एकच गोष्ट शिकलो होतो, आणि तीच जाणार होती.

"हात नका काढू, जावईबापू," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "बिचाऱ्याजवळ दुसरं आहेच काय?"

"आई, मग मला स्प्रिंग ताणायला जावं लागेल!"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "मग एकच हात काढा."

मास्तरांनी खोडरबर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी तो बहुधा शंभरदा उचलला. शून्यसाहेब जिन्याखाली आले तेव्हा मी शाबूत होतो आणि मास्तर संपले होते.

"झालं?"

"नाही, साहेब. नाव काढता येत नाही. आणि याला..." त्यांनी पडद्याकडे बोट केले. मी हात हलवला.

साहेब बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग खिशातून पत्रक काढून चौथा प्रश्न दोनदा वाचला.

"'यंत्रावर दिसते का.' आत दिसलं पाहिजे, असं कुठे म्हटलंय?"

दुसऱ्या खिशातून त्यांनी काट्यांना लावायची, मालकांच्या नावाची पितळी पट्टी आणि चार स्क्रू काढले. ती पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या पेटीवर, त्या बेशुद्ध बाईंच्या पायांखाली, स्क्रू पिळून बसवली.

"साहेब, तुम्हीच तर नापास केलं होतं!"

"नापास करतो. हात करणाऱ्याला पुसून टाकत नाही. ते माझं खातं नाही. चला, तुमचे ते खण भरा, मी थांबतो."

पडद्यावरचे नाव गेले, त्या जागी शून्य करण्याची व्यवस्था आली. वजन ठेवले, वजन काढले, मी उतरलो, सगळे शून्य. साहेबांनी सही केली. मालकांना पडद्यापेक्षा पितळच जास्त आवडले. ते बोटाने घासून पाहता येते.

एक गोष्ट मात्र घाईत कोणाच्या ध्यानात आली नाही. पट्टी काट्याची होती. मालकांच्या नावाखाली तिच्यावर स्वच्छ कोरले होते: 'कमाल भार १२० किलो. स्थिर उभे राहावे.'

प्रदर्शनात पहिलेच गिऱ्हाईक म्हणून एक भरदार गृहस्थ आले. त्यांनी पट्टी वाचली, चपला काढल्या, माझ्या पेटीच्या पायथ्यावर चढले आणि स्थिर उभे राहिले. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी फळी धरली, ती नेमकी बटणावर. पडद्यावर आकडा चढू लागला. साठ, सत्तर, ऐंशी.

"थांबवा हो!" त्यांच्या पत्नी ओरडल्या. "एवढे नाहीत हे!"

"शंभर! काल तर ब्याण्णव होतो!"

एकशे दहावर आकडा थांबला, आणि नेमका मी निसटून खाली उतरलो. सगळे शून्य झाले. "गेलो!" म्हणून ते गृहस्थ खाली बसले. हसणाऱ्यांची एवढी गर्दी जमली, की तिची रांग करावी लागली, आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाला आत्ता काय झाले ते पाहायचे होते. अशा प्रकारे माणसे रांगेत उभी राहून आमच्या रांगेवर गोळ्या झाडू लागली. विभाग राहिला. मास्तरांना जिन्याखालून खिडकीपाशी जागा मिळाली.

मग माझी अनेक वर्षे एका केशकर्तनालयात गेली. तिथले कारागीर अर्धी दाढी सोडून खेळायला येत. गिऱ्हाईक फेस घेऊन बसलेले, आणि हे म्हणत, "एवढा बारावा मारतो आणि आलोच." माणसांची ही मोठी गंमत आहे. अकरा मारले तरी त्यांना समाधान नसते; बारावा सुटला की त्याच्यावरच राग. आणि मी सुटलो तरी काय? जमिनीला पाऊल टेकले, की सगळे शून्य, आणि मी परत रांगेत शेवटी. ज्या तडजोडीने माझे हात वाचवले, तिनेच मला जमिनीवर ते हलवायला एक क्षण ठेवला नाही.

पुढे दुकानात रंगीत टीव्ही आला. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. एके दिवशी मान खाली घालून केस कापून घेणाऱ्या एका वृद्ध गिऱ्हाइकाला टॉवेलांखाली पितळी पट्टी दिसली. अर्धे डोके तसेच ठेवून ते उठले. शून्यसाहेब होते. त्यांनी मला हातगाडीवर घालून घरी नेले.

आता मी त्यांच्या पुढच्या खोलीत, खिडकीशेजारी आहे. म्हातारपणी माणसांचे जे होते तेच माझे झाले. काही खण विसरलो. नेमके तेच, शून्यावर आणणारे. आता मी उतरतो, आणि उतरलेलाच राहतो.

परवा ठिपकेमास्तर येऊन गेले. तेही पिकले आहेत. मला पाहून कळवळले.

"साहेब, हा शून्यावर येत नाही! दोन मिनिटांचं काम आहे, करून देतो."

"हात लावू नका," साहेब म्हणाले.

"अहो, पण तुम्ही? तुम्ही तर मालकांचा काटा..."

साहेबांनी टेबलाचा खण उघडला. आत कोरी तपासणीपत्रके होती. निवृत्तीच्या वेळी माणसे घड्याळ घेऊन येतात, हे पत्रके घेऊन आले होते. त्यांनी एक भरले. वजन काढल्यावर शून्यावर येते का? 'नाही.' त्याखाली, चाळीस वर्षांच्या त्या अक्षरात त्यांनी कधीच न लिहिलेले दोन शब्द लिहिले: 'तरीही पास.'

मग चहाचा कप घेऊन ते माझ्यासमोर बसले. मी हात हलवला. त्यांनी आधी मास्तरांकडे पाहिले, मास्तर खिडकीबाहेर बघताहेत याची खात्री करून घेतली, आणि मग कप डाव्या हातात घेऊन मला उजवा हात केला.

वाचकहो, पृथ्वी जिंकायला आलो होतो, एवढीच जिंकली. पण तुम्ही कधी असल्या खेळापुढे बसलात, आणि शेवटचा एक उरून खाली येताना दिसला, तर बटणावरचे बोट जरा उचलून बघा. त्याला बहुधा काहीच नको असते. आणि तो रांगेनेच आला आहे, मध्ये घुसलेला नाही.