मागचं दार

गोदामात तिला सगळे वहिनी म्हणत. नवरा तिथे आधीपासून फोर्कलिफ्ट चालवायचा, त्याच्या नात्याने ती वहिनी झाली. पुढे सुरक्षेचं काम तिच्याकडे आलं, आणि वहिनी म्हणजे डोक्याला ताप, हे सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. विडी दिसली की खेकसायची. थप्पी दिव्याला टेकेल इतकी चढवली की उतरवायला लावायची. आता चिंध्यांचे गठ्ठे आणि रद्दी ठासून भरलेल्या गोदामात बाई खेकसणार नाही तर काय गाणी म्हणणार? खरं सांगायचं तर तिला भीती वाटायची.

नवऱ्याचं नाव मात्र निवांत पडलं होतं, आणि ते त्याने मोठ्या कष्टाने कमावलं होतं. जेवण झालं की मागच्या हॉलच्या पार टोकाला, आणीबाणीच्या दाराशी तो तासभर घोरायचा. दाराच्या फटीतून ऊन डोळ्यांवर येतं म्हणून या बाबाने फोर्कलिफ्टने दारापुढे गठ्ठ्यांची भिंत रचली होती.

"अहो, ती भिंत आजच्या आज काढायची," सकाळी तिने बजावलं.

"हो गं, काढतो."

"कालही हेच म्हणालात."

"मग! दिलेला शब्द बदलत नाही मी."

शेजारी उभा असलेला हमाल, ज्याला सगळे पैलवान म्हणत, फिदीफिदी हसला. तिलाही हसू आलं. तिथेच उभं राहून काढून घ्यायला हवी होती ती भिंत, पण ती हसली आणि पुढे गेली.

पुढे दोन हॉलच्या मधलं लोखंडी शटर होतं. आगीची धग लागली की त्याची कडी वितळून ते आपोआप खाली येतं, म्हणून त्याच्याखाली काही ठेवायचं नाही असा तिचा दंडक. तिथली लाकडी पॅलेट तिने बाजूला ओढली. पलीकडे, मागच्या हॉलमध्ये, फोर्कलिफ्टच्या बॅटरीचा चार्जर होता. त्याच्यावर नेहमीसारखे घामाने ओले हातमोजे वाळत घातलेले. चार्जर गरम असतो, मोजे झटपट वाळतात, एवढंच प्रत्येकाला कळायचं. तिने ते उचलून बादलीत फेकले. तिची पाठ वळली की पुन्हा तिथेच जाणार, हेही तिला ठाऊक होतं.

आणि गेलेच. दुपारी जेवणं होऊन सगळे पुढच्या हॉलमध्ये डबे आवरत बसले होते.

"कुणाचं काय करपलं रे?" कुणीतरी विचारलं. कुणी हसलं नाही, कारण धूर दिसला होता.

चार्जर पेटला होता. पैलवानाने आग विझवायचं नळकांडं आणून पूर्ण रिकामं केलं, पण तोवर शेजारच्या गठ्ठ्याने पेट घेतला होता, आणि ज्वाळा थप्पीवर सरसर चढल्या. वर कडी तुटली. खडखडत शटर खाली यायला लागलं.

"अरे, निवांत आत आहे!"

पैलवानाने सकाळचीच पॅलेट शटरखाली सरकवली. शटर पॅलेटवर अडलं आणि त्या फटीतून काळा धूर पुढच्या हॉलमध्ये भसाभसा यायला लागला. माणसं खोकत एकमेकांवर आदळत होती. वहिनी जमिनीवर पालथी पडून आत बघू लागली. मधली वाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेटली होती. इथून कुणी जिवंत येणार नव्हतं. आणि फट राहिली तर इकडचेही जाणार होते.

"काढ ती पॅलेट."

"वहिनी, अहो तुमचा माणूस आहे आत!"

"काढ म्हणते ना!"

त्याचा हात होईना. तिनेच पॅलेट ओढली. शटर धाडकन पडलं, आणि तो आवाज तिच्या छातीत बसला.

मग ती धावली. बाहेरून, गोदामाला वळसा घालून मागच्या दाराकडे, चप्पल कुठे पडली तेही न कळता. काढली असेल का भिंत? आज तरी? एवढी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा 'हो' काय असतो ते कळतं, तरी ती मनात हात जोडत होती. आज तरी खरं केलेलं असू दे.

तिने दार ओढलं. दार उघडलं. समोर गठ्ठेच गठ्ठे, तिच्या डोक्याच्या वरपर्यंत, आणि प्रत्येक फटीतून धूर.

"अहो!"

ती गठ्ठ्यांना नखांनी ओरबाडू लागली. गठ्ठा कसला हलतोय! आपणच शटर पाडलं, आपणच कोंडलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. मागून पैलवान आणि दोघेतिघे गठ्ठे ओढायचे आकडे घेऊन आले. पहिला गठ्ठा निघाला, दुसरा निघाला. तेवढ्यात आतून धक्का बसला. वरचा गठ्ठा डुगडुगला, बाहेर कोसळला, आणि भोकातून एक हात आला. सगळ्यांनी मिळून त्याला ओढून काढलं.

खोकून खोकून तो ओकला. मग लाल डोळ्यांनी तिच्याकडे बघत म्हणाला, "काढणारच होतो गं."

तिने मारायला हात उगारला, पण तो तसाच त्याच्या खांद्यावर पडला.

पुढचा हॉल वाचला. मागच्याची राख झाली. दवाखान्यातून दोघं संध्याकाळी घरी आली. मुली अभ्यास करत होत्या. तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही, म्हणून ती बघायला गेली.

तो मागच्या दाराकडे बघत उभा होता. म्हणजे दार असायला हवं तिकडे. धाकटी रांगत बाहेर जायला लागली तेव्हापासून तिथे भांड्यांचं कपाट होतं, दार पूर्ण झाकून. कपाट तिनेच लावलं होतं. गोदामभर दारं मोकळी करा म्हणून बोंबलत फिरणाऱ्या बाईने. बाहेर मुली कशावरून तरी भांडत होत्या.

"उद्या काढू," तिच्या तोंडून गेलं.

पट्टी बांधलेल्या हाताने त्याने कपाटाची एक बाजू धरली होती. भांडी खणखणली. तिने पुढे होऊन दुसरी बाजू धरली.